बाबांच्या गाडीचं क्रोम

आमच्या आचऱ्यात गाडी घेणं सोपं, ती राखणं कठीण. खारं वारं पत्र्याला सोडत नाही. नव्या सायकलची घंटा दोन पावसाळ्यांत मुकी होते आणि दाराची कडी दरवर्षी बदलावी लागते. अशा गावात माझ्या बाबांनी बोटीवरची नोकरी संपवून आल्या आल्या एक जुनी पांढरी मोटार घेतली. जाड पत्र्याची, गोल टपाची, पूर्वी सरकारी साहेबांच्या दारात उभी असायची तशी. इंजिन बघून घेतली म्हणावं तर तसंही नाही. तिच्या अंगावर क्रोम भरपूर होतं म्हणून घेतली. पुढची जाळी, दोन्ही बंपर, दिव्यांच्या कड्या, आरशांची टोपणं, बॉनेटच्या मधोमध गेलेली लांब पट्टी, इतकंच काय, वायपरच्या दांड्यासुद्धा चकाकत होत्या.

बाबा बोटीवर भांडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. उभा जन्म त्यांनी स्टीलच्या पातेल्यांत तोंड दिसेल इतकी ती घासून ठेवली. गाडीचं क्रोम त्यांच्या लेखी भांडंच होतं. रोज संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने ते क्रोम धुवायचे, जुन्या लुंगीच्या मऊ फडक्याने कोरडं करायचे आणि मग त्यावरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचे. "आंग खारा झाला काय तेल लावचा. मगे ता माणूस असो नायतर गाडी," हे त्यांचं शास्त्र. शास्त्र खोटं म्हणता येत नव्हतं, कारण गावातल्या इतर गाड्यांचे बंपर तांबूस होऊन सोलले आणि आमचा तसाच राहिला.

"क्रोम म्हणजे गाडयेची नथ," असंही ते म्हणायचे.

"मग बंपर काय, कंबरपट्टो?" मी विचारायची.

"तुका कळाचा नाय."

तेव्हा कोकण रेल्वे सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. कणकवली स्टेशनवर मुंबईचे चाकरमानी उतरायचे आणि बाबा त्यांना आचऱ्याला, मालवणला आणून सोडायचे. पण त्यांचा खरा जीव लग्नांत. आसपासच्या गावांत नवरा-नवरी आणायची तर बाबांचीच गाडी, हे जवळजवळ ठरलेलं. त्या दिवशी ते पहाटे उठून क्रोम पुसायला बसत. गाडीला अबोलीच्या माळा लागायच्या आणि बंपरमध्ये त्या पुन्हा एकदा दिसायच्या. वरातीतली पोरं बंपरसमोर उकिडवी बसून वेडीवाकडी तोंडं करायची आणि बाबा त्यांना कधीही हाकलत नसत. गाडी घरी आली त्या दिवशी माझ्या आईने, गाडीवर एवढा खर्च कशाला म्हणून आठवडाभर धुसफुसणाऱ्या आईने, दिव्याच्या कडीत वाकून बघत आपलं कुंकू सारखं केलं होतं. मी ते पायरीवरून पाहिलं. बाबांनीही पाहिलं आणि ते मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. तो दिवस आठवला की आजही मला बरं वाटतं.

मी गावच्या शाळेत शिकवत होते. मालवणात जाऊन मी गाडी शिकले होते, लायसनही काढलं होतं. पण बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग मला कधी मिळालं नाही. "गाडयेक एकच हात बरो," म्हणायचे. क्रोम सोडून बाकीची गाडी मी धुवायची, चालवायचे ते. वाद घालून काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही मी वाद घालायची, कारण मला त्याशिवाय करमत नाही.

दोन हजार चार साल असावं. बाबांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला. तेव्हापासून त्यांना चमक सोसेना. कणकवलीहून आचऱ्याला येताना रस्ता पश्चिमेला उतरतो, आणि दुपारच्या रेल्वेचं माणूस घेऊन निघालं की ऊन बरोबर समोरून येतं. ते बॉनेटवरच्या पट्टीवर, वायपरच्या दांड्यांवर, आरशांच्या टोपणांवर पडायचं आणि तिथून थेट बाबांच्या डोळ्यांत. त्यांनी हे घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते आम्हाला मासे देणाऱ्या काकीने.

ती काकी बाबांपेक्षा मोठी, त्यांना लहानपणापासून ओळखणारी. एका दुपारी ती डोक्यावरची पाटी आमच्या ओट्यावर आदळून आईला म्हणाली, "तुझ्या घोवाक सांग, डोळे घराक ठेवन गाडी चलव नको म्हणान. इतकी मोठी मी, डोक्यार पाटी, तरी त्याका दिसाक नाय. गटारात उडी मारलंय म्हणान वाचलंय!"

बाबा मागून येतच होते. "पट्टी चमाकली गो. एकदम आंधार इलो," ते खाली मान घालून म्हणाले.

आईने काकीला चहा दिला, तिचा गुडघा चोळून दिला आणि ती गेल्यावर बाबांपुढे उभी राहिली. आई आवाज चढवत नसे. "अवो, आयका. एकतर ता चमकणा बंद करा, नायतर गाडी इका. तिसरा काय चलाचा नाय."

गॉगल लावा, असं मी सुचवलं. बाबा म्हणाले की सूर्य काय त्यांना नवा नाही, आणि गॉगल लावून नवरी आणायला गेले तर नवरा कोण ते लोकांना कळायचं नाही. म्हणजे एकच वाट उरली. क्रोम काळं करायचं. पण कशाने?

आधी मी दुपारी चार वाजता गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पश्चिमेकडे तोंड करून उभी करवली आणि त्यांच्या जागेवर बसले. उगाच सगळ्या गाडीला डांबर फासण्यापेक्षा नेमकं काय चमकतं ते बघावं म्हटलं. बॉनेटची पट्टी चमकत होती, दांड्या चमकत होत्या, डावं टोपणही. मला ते खुपत होतं, पण त्यापलीकडचा माड, कुंपण, कुंपणावरचा कावळा, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी बाबांना तसं म्हटलं नाही. बंपर आणि जाळी चालवणाऱ्याला दिसत नाहीत, ती तशीच ठेवू, एवढंच म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. नथ नाही तर नाही, कंबरपट्टा तरी वाचला.

आता आमच्याकडे काळं करायचं म्हटलं की माणूस रंगाच्या दुकानात जात नाही, होडीवाल्याकडे जातो. खाडीच्या कडेला बाबांचा एक लहानपणचा मित्र राहायचा, त्याची मासेमारीची होडी होती. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, ते जाड, काळपट तेल लाकडात मुरलं की खारं पाणी काही करू शकत नाही. त्याने त्यात चुलीची काजळी खलून डबा भरून दिला आणि वर हमी दिली, "माझी होडी बुडात, पण ह्या जावचा नाय."

आम्ही दोघांनी काठीला फडकं गुंडाळून ते पट्टीला फासलं. दिसायला झकास. काळंभोर, चमक नावाला नाही. बाबा खूश, मी खूश, आईसुद्धा एकदा बाहेर येऊन बघून गेली. फक्त एक गोष्ट आम्हा शहाण्यांच्या ध्यानात आली नाही. लाकूड तेल पितं, क्रोम पीत नाही. त्यातून त्या क्रोमला वर्षानुवर्षं खोबरेल चोळलेलं. काजूचं तेल वाळलंच नाही, नुसतं वर बसून राहिलं.

बाबांची एक सवय होती. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते बॉनेटच्या पट्टीला उजव्या हाताची बोटं लावायचे आणि ती कपाळाला टेकवायचे. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच केलं. काजूच्या टरफलाचं तेल कातडीला लागलं की काय होतं हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण सवयीपुढे कोण शहाणा? संध्याकाळपर्यंत बोटं उतली आणि कपाळाच्या मध्यावर टपोरा फोड आला. पुढे बरेच दिवस ते देवळात जात तेव्हा लोक त्यांच्याकडे बघून हात जोडत. "देवान सोता टिळो लायलो हा," होडीवाला मित्र सगळ्यांना सांगत सुटला. बाबा शिव्या देत होते आणि हसतही होते, फक्त हसताना कपाळ ताणलं जायचं म्हणून मध्येच "आवशीक खाव" म्हणत थांबायचे.

ते तेल काढताना माझा जीव मेटाकुटीला आला. रॉकेल, साबण, घासायला नारळाची किशी, सगळं झालं. मग मी कणकवलीच्या रेडियमवाल्याकडून, म्हणजे गाड्यांवर नावं चिकटवून देतो त्याच्याकडून, काळी चिकटपट्टी आणली. हा माझा शोध. काढता येते, क्रोमला धक्का नाही, लग्न आलं की सोलायची आणि पुन्हा लावायची. मी ती ब्लेडने कापून इतकी सफाईने लावली की बाबांनी पहिल्यांदा माझ्या हाताचं कौतुक केलं. आठवड्यात उन्हाने तिच्या कडा वळल्या. कडांखाली खारी धूळ शिरली. गाडीने वेग घेतला की पट्टी फडफडायची आणि मागे बसलेला चाकरमानी विचारायचा, काका, पक्षी अडकला का कुठे? शेवटी एका उतारावर ती सुटून काचेवरच आपटली आणि बाबांनी गाडी थेट शेतात घातली. शेत रिकामं होतं म्हणून बरं. पट्टी सोलली तर खाली चिकट्याचे डाग. तेलही गेलं, तूपही गेलं.

"इकूया काय मगे?" आईने रात्री जेवताना विचारलं. तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. बाबांनी भात कालवणं थांबवलं.

"एकदा गॅरेजवाल्याक दाखयतंय," ते म्हणाले.

कणकवलीचा तो गॅरेजवाला रंगकामात मुरलेला. त्याने पट्टीवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. "खोबरेलाचो वास येता. गाडयेक फोडणी घातलास काय?" मग त्याने काय काय करता येईल ते सांगितलं. चकचकीत काळा, मॅट म्हणजे बिनचकाकीचा काळा, नाहीतर सायलेन्सरला मारतात तो खरखरीत काळा. पावडर कोटिंग म्हणून आणखी एक असतं, पण त्याला सुटे भाग भट्टीत घालावे लागतात, त्यासाठी कोल्हापूर गाठायला हवं. स्वतः तो चकचकीत काळ्याच्या बाजूचा होता. "असो मारतंय, बघीतच रवतलास!"

"चकचकीतच व्हया तर क्रोम काय वायट होता?" मी विचारलं.

निर्णय होईना. तेव्हा बाबांनी जे केलं ते फक्त स्वयंपाकीच करील. दुसऱ्या खेपेला त्यांनी घरातून तीन पळ्या नेल्या आणि गॅरेजवाल्याकडून एकेक पळी एकेका काळ्याने रंगवून आणली. घरी येऊन त्या सुतळीने बॉनेटवर उभ्या बांधल्या, चारच्या उन्हाकडे गाडीचं तोंड केलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण थांबत होता.

"काय वो, गाडयेक आमटी वाढतास?"

"माझी पळी खंय गेली?" आतून आई.

बाबा गंभीर. चकचकीत पळीकडे बघून त्यांनी लगेच मान हलवली. "ही उलटी जास्त मारता." खरखरीत पळीवरून बोट फिरवून म्हणाले, "ह्येच्यात मीठ बसतला." मॅट पळीकडे मात्र ते बराच वेळ बघत राहिले. डोळे बारीक केले, उघडले, पुन्हा बारीक केले. "ही बरी. गप आसा," शेवटी म्हणाले. पळी गप आहे, हे मला फार आवडलं. आईला अर्थात नाही. तिला तीन नव्या पळ्या आणून द्याव्या लागल्या.

रंग ठरला. पण गॅरेजवाल्याने काम हातात घेण्याआधी गाडीला टेकून स्पष्ट सांगितलं. क्रोमवर रंग असाच धरत नाही. आधी पॉलिश पेपरने ते खरवडून त्याची सगळी लकाकी मारावी लागते, मग त्यावर खास प्रायमर, मग रंग. एकदा खरवडलं की परत क्रोम नाही. "इचार करून सांगा," तो म्हणाला, आणि बाबा विचार करायला गाडी घरी घेऊन आले.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावातून एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यांना गाडी हवी होती. त्यांच्या थोरल्या मुलीला बाबांनीच सासरी सोडलं होतं. पानसुपारी झाली. बाबा सुपारी कातरत सावकाश म्हणाले, "गाडी काळी करूची आसा. बॉनेटार, आरशार. चलात तुमका?"

गृहस्थ घुटमळले. "काळी? लगनाक?" मग सावरून घेत म्हणाले, "तशी काय हरकत नाय... पण बायलमाणसा आयकाची नाय हो." चहा पिऊन ते गेले ते परत आले नाहीत. मालवणहून नवी गाडी केली असं नंतर कळलं. बाबांना राग आला नाही. ते खळ्यात जाऊन गाडीभोवती फिरले, पट्टीवरचे चिकट्याचे डाग नखाने खरवडले आणि आत येऊन मला म्हणाले, "उद्या कणकवलेक जावया."

मला रडू आलं. मी काकीच्या गुडघ्याची, त्या शेताची आठवण काढून ते गिळलं.

गॅरेजवाल्याने पॉलिश पेपर पाण्यात भिजवला तेव्हा बाबांनी तो त्याच्या हातातून घेतला. "पट्टी मी करतंय," म्हणाले. बॉनेटपाशी स्टूल घेऊन बसले आणि एका टोकापासून घासत निघाले. भांडी घासणारा हात तो. सरळ, न थांबता, एकसारखा दाब देत. फक्त या वेळी हात जिथून पुढे जाई तिथे भांडं आंधळं होत होतं. मी टोपणं घेतली.

प्रायमर, मग मॅट काळा, दोन हात. दोन दिवसांनी आम्ही गाडी आणायला गेलो. काम सुरेख झालं होतं. बाबांनी चहूबाजूंनी बघितलं. "तवो झालो," म्हणाले, पण नाखुशीने नव्हे. चारच्या सुमारास निघालो. आकाश स्वच्छ, ऊन समोरून, जसं हवं तसंच. मी डावीकडे बसले होते. बॉनेटची पट्टी खरंच गप होती, दांड्या गप होत्या. मला तर नाचावंसं वाटत होतं. आता आई काय बोलेल, काकीला कसं चिडवायचं, हे सगळं मी मनात जुळवत होते.

गावाच्या अलीकडे रस्ता थोडा सरळ आहे. तिथे बाबांनी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. मग गाडी कडेला घेऊन थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले.

"अजून चमाकता," ते म्हणाले.

मी पुढे वाकून बघितलं. "खंय, बाबा? काय एक चमकणा नाय."

"थंय." त्यांनी हात वर केला आणि काचेसमोरून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सावकाश फिरवला. पट्टी, रस्ता, माड, आकाश, सगळं त्या हाताखालून गेलं. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. चमक क्रोमची नव्हती, निदान सगळी तरी नव्हती. दोन्ही डोळ्यांतलं दुखणं डॉक्टरांनी पुढे महिन्याभराने नाव घेऊन सांगितलं, पण नजरच जात चालली आहे हे बाबांना तिथे, त्या रस्त्याच्या कडेला कळलं होतं.

मागून एक एसटी हॉर्न वाजवत गेली. बाबांनी दार उघडलं, उतरले, गाडीच्या पुढून फिरून माझ्या बाजूला आले आणि काचेवर टकटक केलं.

"सर तकडे. तू घे."

मी सरकले. इतकी वर्षं भांडून मागितलेली ती जागा अशी मिळाली. दोनदा गाडी बंद पडली. घरी पोचल्यावर आईने गाडीतून कोण कुठल्या बाजूने उतरलं ते पाहिलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

त्यानंतर गाडी मीच चालवली, बाबा असेपर्यंत. सुट्टीच्या दिवशी कणकवलीला जायचो, कधी नुसते बाजाराला, कधी उगाच. पुढे पुढे त्यांना माझा चेहराही नीट दिसेना, आवाजावरून मी कुठे बघते आहे ते ओळखायचे. परतताना तो सरळ रस्ता आला की ते दरवेळी माझ्याकडे तोंड वळवायचे.

"ऊन डोळ्यांक मारता काय गो?"

"नाय, बाबा."

"पट्टी?"

"गप आसा."

"मगे बरा केलव काळी करून," ते म्हणायचे.